खारवलेली वही

"इथं उपमा संपली, सर," असं म्हणून आमचे सायन्सचे मास्तर उजव्या हाताची मूठ मिटून घेत. बोलता बोलता ते एखाद्या गोष्टीची दुसऱ्या गोष्टीशी तुलना करत, ती चांगली रंगात येई, ऐकणारा मान डोलवू लागे, आणि नेमकी तेव्हा ती मूठ मिटे. मी मराठी आणि संस्कृत शिकवणारा. उपमा अर्ध्या रस्त्यात अशी थांबवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला त्यांचा राग येई. पण रागापेक्षा किळस जास्त येई, आणि हे सगळं लिहायला बसलो आहे तो त्या किळसेपायीच.

ठाण्याच्या ज्या शाळेत मी स्वातंत्र्यानंतर लगेच लागलो, तिथं ते माझ्या आधी एक वर्ष आले होते. वयानं माझ्याहून धाकटे. खाडीकाठच्या कोपरीला राहत. त्यांचं घराणं मिठागरात राबणारं. वडील लवकर गेले होते, आई अजून डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहत होती, आणि त्यातून हा मुलगा मुंबईच्या कॉलेजात जाऊन बी.एस्सी. झाला होता. सकाळी शाळेपूर्वी ते आगरावर जात, भरतीचं पाणी आत घ्यायची फळी उघडत, आणि तिथून थेट शाळेत येत. आमच्या शिक्षकांच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभे राहून पोटऱ्यांवरचा चिखल ते फुटपट्टीनं खरवडत. मग नळावर पाय धुऊन आत येत. वहाणांत भिनलेलं खारं पाणी मात्र धुऊन जात नसे. तासाभरानं फरशी वाळली की दारापासून त्यांच्या खुर्चीपर्यंत पावलांचे पांढरट डाग उमटलेले दिसत. शिपाई ते पुशी, मी पाहत बसे आणि माझा चहा कडू होई.

तुमच्याही कचेरीत असा कुणी बसत असेल. काम चोख, बोलणं मऊ, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि तरी आपण खुर्ची जराशी पलीकडे सरकवतो. का सरकवतो ते आपण स्वतःलाही सांगत नाही. मी तर टेबलच सरकवलं होतं. त्यांच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी असे आणि झाकण उघडलं की तिचा वास माझ्या टेबलापर्यंत येई. मी उजेडाचं निमित्त करून टेबल खिडकीशी नेलं. दुसऱ्या दिवसापासून ते प्रयोगशाळेत बसून जेवू लागले. हेडमास्तरांनी विचारलं तर म्हणाले, तिथं स्पिरिटच्या दिव्यावर भाकरी गरम करता येते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही.

त्यांना दुसरी एक खोड होती. "माझा तास रिकामा आहे" किंवा "डबा रिकामा झाला" असं कुणी म्हटलं की ते हळूच म्हणत, "रिकामं म्हणू नका." ही त्यांची थट्टा होती, पण तिच्या मुळाशी त्यांचा एक जुना सल होता. आमच्या पाठ्यपुस्तकात एक वाक्य होतं, की ताऱ्या-ताऱ्यांमधली जागा अगदी मोकळी असते. ते वाक्य त्यांना खपत नसे. एका बोराएवढ्या जागेत हायड्रोजनचे एक-दोन अणू तरी असतातच, ते सांगत, आणि ती जागाच इतकी अफाट आहे की त्या एक-दोन अणूंचाच ढग होतो, आणि त्या ढगांतूनच सगळे तारे झालेत, आपला सूर्यसुद्धा. पुस्तक लिहिणारा म्हणतो मोकळी. हे बोलताना त्यांच्या तोंडावर जी शिसारी दिसे ती मी ओळखत असे, कारण तीच माझ्या तोंडावर त्यांचा डबा पाहून येई.

आमच्या शाळेत दोन वर्गांच्या मध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती. पलीकडे ते शिकवत असले की अलीकडे माझी संधी आणि समास लंगडे पडत. एकदा त्यांनी ताऱ्यांचा जन्म घेतला. हा विषय अभ्यासक्रमात नव्हता. ढग स्वतःच्याच ओढीनं आत आत बसत जातो, मध्यावर दाटी होते, दाटीनं गरमी वाढते, आणि एका हद्दीनंतर मधला गोळा स्वतःच्या बळावर पेटून उठतो, असं ते सांगत होते. ढग जितका थंड तितका तो सहज आत बसतो. तापलेला वायू पसरत जातो, त्याचं काही होत नाही. आणि मोठा तारा पेटला की तो आपल्या झोतानं आजूबाजूचा उरलेला वायू उधळून लावतो, म्हणजे शेजारी कुणी जन्मायचं असेल तर त्याची वाटच बंद. माझा वर्ग समास सोडून भिंतीकडे कान लावून बसला होता. मी छडी आपटली. पण ऐकत मीही होतो.

पन्नास सालानंतर एकदा ते चिखल न खरवडताच आत आले. हातात मुंबईच्या एका ग्रंथालयातून वाचायला आणलेलं इंग्रजी मासिक होतं. परदेशात आकाशाकडे एरियल लावून त्या हायड्रोजनच्याच लहरी पकडल्या होत्या. आता मधे कितीही धूळ असो, वायू कुठं आहे ते कळणार, आपल्या आकाशगंगेला किती हात आहेत ते मोजता येणार, असं ते धापा टाकत सांगत होते. भूगोलाच्या मास्तरांनी विचारलं, गाणी लागतात का त्यावर. सगळे हसले. तेही हसले, आणि म्हणाले, एकच सूर लागतो, पण तो सगळ्या आभाळातून येतो. मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. चिखल फरशीवर पडत होता.

एका एप्रिलात मला ते आगरावर घेऊन गेले. मी टाळत आलो होतो, पण त्या दिवशी हेडमास्तरही येणार होते, म्हणून निघालो. ऐनवेळी हेडमास्तर आलेच नाहीत. बांधावरून चालताना माझी वहाण चिखलात रुतली आणि ती त्यांनी हात कोपरापर्यंत घालून काढून दिली. त्या चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. मी नाकाला रुमाल लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. ते मात्र घरी आलेल्या पाहुण्याला दिवाणखाना दाखवावा तसे एकेक कोंडी दाखवत होते. कोंडी म्हणजे चिखलाचे बांध घालून केलेला उथळ वाफा. भरतीचं पाणी एका कोंडीतून दुसरीत नेतात, उन्हानं ते जड होत जातं, आणि शेवटच्या कोंडीत मीठ धरतं.

तिथं ते उकिडवे बसले आणि मलाही बसायला लावलं. पाण्यावर सायीसारखा पातळ पापुद्रा धरला होता आणि खाली कुठं कुठं दाणा बसायला लागला होता. सगळीकडे पाणी तेच, पण दाणा सगळीकडे एकदम बसत नाही, ते म्हणाले. जिथं जरा दाटी होते तिथं बसतो, आणि एकदा बसला की आजूबाजूचं आपल्याकडे ओढतो. मग त्यांनी पलीकडची पांढरीफटक कोंडी दाखवली. तिच्यातलं पाणी संपलं होतं. काही आकाशगंगा अशा असतात, ते म्हणाले, वायू संपलेल्या. त्यांत आहेत तेवढेच तारे, सगळे म्हातारे, तांबूस. नवा एकही होत नाही. आणि आपल्यासारखीच्या हातांमध्ये अजून वायू आहे, म्हणून तिथं निळे, कोवळे तारे दिसतात.

मग मूठ मिटली. "इथं उपमा संपली, सर. मिठाला ऊन लागतं, ताऱ्याला गारठा लागतो. आणि तारा मरताना आपल्यातला वायू परत आभाळाला देतो. मीठ काही परत देत नाही."

हे मला कळलं होतं. इतकं लख्ख मला त्यापूर्वी आणि त्यानंतर काहीच कळलेलं नाही. पण घरी येऊन मी दोनदा अंघोळ केली, आणि बायकोला सांगितलं ते फक्त वासाबद्दल.

त्या दिवसांत गावोगाव प्रौढांचे साक्षरतेचे वर्ग चालू झाले होते. आमच्या इथल्या एका मंडळानं ठरवलं की नव्यानं वाचायला शिकलेल्या मोठ्या माणसांसाठी छोटी छोटी पुस्तकं काढायची. त्यातलं आकाशावरचं पुस्तक मास्तरांनी मागून घेतलं. त्यांची आई त्या वर्गात जाऊ लागली होती. पन्नाशीची बाई, टोपल्या वाहून मान आखडलेली, ती पाटीवर अक्षरं गिरवत होती. मास्तर मला म्हणाले, "मी दिवसभर काय शिकवतो ते तिला कधी सांगताच आलं नाही, सर. सांगायला गेलो की ती म्हणते, लिहून दे, मी वाचीन." आयुष्यात त्यांनी काही मागितलं असेल तर ते एवढंच, की आईनं ते पुस्तक स्वतः वाचावं.

मंडळाचा नियम असा, की हस्तलिखित भाषेच्या जाणकारानं तपासून द्यायचं. जाणकार मी. तोवर मी डोंबिवलीला बिऱ्हाड केलं होतं. मास्तरांनी शाळेत मला एक जाड वही दिली. ती आगरावर बसून लिहिलेली असणार, कारण पानं दमटून फुगली होती, कडा खारवून टणक झाल्या होत्या आणि वहीला खाडीचा तोच वास होता. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेली.

वहीत पहिल्याच पानावर लिहिलं होतं: "आई, आगरात आपण पाणी कोंडतो. आभाळात कोणी कोंडणारा नाही. तिथं वायू आपला आपण कोंडला जातो. तू कोंडीच्या कडेला बसून बघितलं आहेस, आधी साय धरते, मग दाणा बसतो. तसाच तारा बसतो. किती वेळ लागतो म्हणशील, तर आपली आख्खी आळी जन्मून मरून जाईल तरी तो अर्धा बसलेला नसतो." पानापानावर अशी हाक होती. आई, हे बघ. आई, तुला पटणार नाही. आणि मधे मधे, आई, इथं उपमा संपली.

मी लाल शाई घेऊन बसलो. चिखल काढला. आगर काढलं, कोंडी काढली, साय काढली. आई तर सगळ्यात आधी काढली, कारण शास्त्राच्या पुस्तकात आई कशाला, असं मला वाटलं. मग एकेक वाक्य नव्यानं लिहिलं. पहिलं वाक्य झालं ते असं: "आंतरतारकीय अवकाशातील वायुरूप द्रव्य गुरुत्वाकर्षणाच्या प्रभावाने संकोच पावून तारकोत्पत्तीस कारणीभूत होते." हे वाक्य लिहून मी मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं, आणि मला समाधान वाटलं. पाटीवर अक्षरं गिरवणाऱ्या माणसांसाठी हे पुस्तक आहे, ही गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नाही. आली असती तरी मी वेगळं काही केलं असतं असं नाही. वहीतली माणसं आणि वहीचा वास मला एकच वाटत होते, आणि दोन्ही मला घराबाहेर हवे होते.

शुद्ध प्रत तयार झाली. कच्च्या वहीचं काय करायचं, असं बायकोनं विचारलं, कपाटात ठेवली तर कपड्यांना वास लागेल. मी वही चिमटीत धरून न्हाणीघरात नेली आणि दोन-तीन सकाळी तिची पानं फाडून बंब पेटवला.

शुद्ध प्रत मास्तरांना दाखवायची रीत होती, ती मी पाळली नाही. मंडळानंही विचारलं नाही. पुस्तक छापून आलं. प्रकाशनाला एक वकील अध्यक्ष होते. इतका रूक्ष विषय इतक्या प्रासादिक भाषेत, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेखक म्हणून मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर पुस्तक उघडं होतं. ते पहिलं पान वाचत होते, मग परत पहिलंच पान वाचत होते. समोर बायकांच्या बाजूला त्यांची आई आली होती, धुवट लुगडं नेसून. तिनं पुस्तक पदराखाली धरलं होतं. मी उठून नमस्कार केला आणि टाळ्या घेतल्या. आज ते आठवलं की तोंडाला पाणी सुटतं ते ओकारीचं.

आठवड्यानं मास्तर माझ्या टेबलापाशी आले. मी सरकवल्यानंतर त्या टेबलाशी ते बहुधा पहिल्यांदाच येत होते. पुस्तकाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. आईला जरा जड जातंय, म्हणाले, म्हणून वही हवी होती, त्यातनं तिला वाचता येईल, माझं अक्षर तिला लागतं. मी सांगितलं की शुद्ध प्रत झाल्यावर कच्ची ठेवून काय करायची, म्हणून ती बंबात गेली. हे मी सरळ आवाजात सांगितलं. लाज वाटल्याचं मला आठवत नाही.

ते म्हणाले, "पेटली का नीट? खारवलेला कागद लवकर धरत नाही."

पहिल्या दिवशी धूर झाला, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. मग मी मोठ्या मनानं सुचवलं की दुसरी लिहून काढा. लिहीन, असं म्हणून ते प्रयोगशाळेकडे निघून गेले.

दुसरी वही झाली नाही. पुढच्या चैत्रात त्यांना विषमज्वर झाला आणि बाराव्या दिवशी ते गेले. तिशीही पुरी झाली नव्हती. शाळा अर्धा दिवस सुटली. सगळे मास्तर कोपरीला गेले, मी गेलो नाही. भरतीच्या वेळी तिकडच्या वाटेवर चिखल असतो, एवढंच कारण होतं. दुसरं एखादं बरं कारण सांगता आलं असतं तर मी ते आज सांगितलं असतं.

दिवाळीनंतर त्यांचं कपाट रिकामं करायची वेळ आली. त्यांची पुस्तकं घरी पोचवायला हेडमास्तरांनी मलाच पाठवलं, कारण त्यांच्या मते आमचा स्नेह होता. कोपरीतलं घर शेणानं सारवलेलं, स्वच्छ, दारात सुकत घातलेले बोंबील. मी मास्तरांच्या शाळेतला, असं सांगितल्यावर त्यांच्या आईनं मला आत नेऊन चटईवर बसवलं, चहा केला आणि पुस्तकं एकेक करून फळीवर लावली. मग पेटीतून फडक्यात बांधलेलं आमचं ते पुस्तक काढलं आणि माझ्यासमोर बसून, बोट ठेवून, पहिलं वाक्य वाचून दाखवलं. वेळ लागला, पण एकही अक्षर चुकलं नाही. तारकोत्पत्तीससुद्धा.

"अक्षरं सगली लागतान मना," ती म्हणाली. "पन त्यो बोललेला, आये, मी पुस्तकात तुना हाक मारलीय, वाचशील तवा सापडंल. मी तीन बार वाचला. हाक काय नाय सापडली."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मंग त्याला इचारला," ती सांगू लागली. "तर बोलला, छापताना जागा नाय पुरली. वहीत हाय. वही आमच्या सरांकडं ठेवलीय, ते नीट ठेवतान." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "ते सर तुमीच ना?"

मी हो म्हणालो. तिनं विचारलं, वही आहे ना. मी म्हणालो, आहे. घरी आहे. शोधून आणून देतो. त्या माणसाच्या पायांची, डब्याची, वहीची मी वर्षानुवर्षं किळस केली, आणि ज्याची किळस यावी असं जे काही होतं ते त्या घरात त्या दिवशी एकट्या माझ्या तोंडातून बाहेर पडलं.

तिनं पुस्तक परत फडक्यात बांधलं. "सवडीनं आना," ती म्हणाली. "कवा बी आना. मना आथा वाचाला येतं."

त्यानंतर मी सात वर्षं डोंबिवलीहून ठाण्याला नोकरीसाठी येत होतो. त्या सात वर्षांत स्टेशनच्या पूर्वेला, कोपरीच्या बाजूला, मी एकदाही उतरलो नाही.